शिक्का, सांधा आणि संगणक: गिरडच्या एका दुकानातून सुरू झालेला धागा

आमच्या गिरडच्या टेकडीवर गोल, तपकिरी गोटे सापडतात. वर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा आहे आणि या गोट्यांची कथा पंचक्रोशीतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. एका फिरत्या वाण्याने फकिराची थट्टा केली, आणि त्याच्या गोण्यांतल्या सगळ्या मालाचे दगड झाले. इंग्रजांच्या गॅझेटियरकारांनीही ही कथा नोंदवून ठेवली आहे. भूगर्भशास्त्र सांगते की हे झिओलाइटचे गोटे आहेत. काळ्या पाषाणाचा लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या खनिजांनी भरल्या. लहानपणी मी असा एक गोटा सुपारी समजून दाताखाली धरला होता. दिसते तसे नसते, हे मी आधी दाताने शिकले आणि मग एम.ए.च्या वर्गात.

आजचा धागा मात्र दगडांचा नाही. तो संगणकातल्या एका चिपचा आहे. इतिहासाच्या पानावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. थोडे थांबा. शिवकालीन पत्रे, १८५२चा एक कायदा आणि नव्वदच्या दशकातली मराठी अक्षरजुळणी, हे सगळे वाटेत येणार आहे. धागा लांब आहे. चहा घेऊन बसा.

ऑक्टोबर २०२५, दिवाळीची सुट्टी. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या या गावात झेरॉक्स आणि डीटीपीचे एक दुकान आहे. लग्नपत्रिका, तेरवीचे कार्ड, उरुसाचे आणि रामनवमीचे फलक, ग्रामसभेच्या सूचना, भजनी मंडळांच्या पावत्या असा गावाचा वीस-बावीस वर्षांचा छापील संसार त्या एका टेबलावर उभा राहिला. दुकानाच्या काकांनी मला बोलावले, कारण पडद्यावर एक सूचना वारंवार येत होती. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबरला संपला, नव्या आवृत्तीकडे चला. आणि चलायला गेले की दुसरी सूचना येई: हा संगणक पात्र नाही.

“काय वं पोरी,” काका म्हणाले, “मशीन तं चालू हाय ना? मंग अपात्र कायले?”

या प्रश्नाला मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आले नाही. हा धागा म्हणजे ते राहिलेले उत्तर समजा.

आधी तारखा. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केले २४ जून २०२१ रोजी, आणि ते बाजारात आले ५ ऑक्टोबर २०२१ला. अटींच्या यादीत स्मृती ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी अशा नेहमीच्या गोष्टी होत्याच. त्यांवर कोणाचेच काही म्हणणे नव्हते. खळबळ उडाली ती दोन अटींनी. प्रोसेसर साधारण २०१७नंतरचा हवा, म्हणजे इंटेलचा असल्यास आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आणि संगणकात टीपीएम २.० हवे. बहुसंख्य लोकांनी टीपीएम हा शब्द त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकला. मदरबोर्डवर बसवायचे एवढेसे सुटे टीपीएम तुकडे लोकांनी अमेरिकेत साठेबाजी करून चढ्या भावाने विकले. ज्या वस्तूची कोणाला कधी गरज भासली नव्हती, तिचा चार दिवसांत काळाबाजार झाला.

टीपीएम म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल. मराठीत त्याला ‘विश्वस्त चिप’ म्हणता येईल, पण ‘विश्वस्त’ म्हटले की आपल्याला देवस्थानचे ट्रस्टी आठवतात आणि भलताच अर्थ लागतो. (भलताच की नेमका, ते पुढे ठरवू.) मुख्य प्रोसेसरपासून वेगळी राहणारी ही लहानशी चिप आहे. तिची कामे तीन. गुप्त किल्ल्या स्वतःजवळ ठेवणे, यंत्र सुरू होताना काय काय चालू झाले त्याचे माप नोंदवणे, आणि ते माप आधीच्या मापाशी जुळले तरच किल्ली बाहेर देणे.

हे ‘माप नोंदवणे’ नीट समजून घ्यायचे असेल तर जुन्या मराठी कागदाकडे जाऊ.

शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर अष्टकोनी संस्कृत मुद्रा असते आणि अखेरीस मोर्तब. मुद्रा सांगते की पत्र कोणाचे. मोर्तब सांगते की मजकूर कुठे संपला; येथे मर्यादा आली, यापुढे जर एखादी ओळ दिसली तर ती आमची नव्हे. आपण रोजच्या बोलण्यात ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो तेव्हा ही दोन वेगवेगळी कामे एका शब्दात घालून टाकतो. मुद्रा म्हणजे ओळख आणि मोर्तब म्हणजे अखंडता. संगणकसुरक्षेच्या पुस्तकांत हे दोन गुण अगदी पहिल्या प्रकरणात येतात, आणि तेही वेगवेगळेच.

याहून महत्त्वाची जागा म्हणजे सांधा. लांब कागद एकसंध नसे. बंदाला बंद चिकटवून तो वाढवत आणि त्याची गुंडाळी करत. मग लबाड माणसाने मधलाच एक बंद काढून दुसरा चिकटवला तर? माथा खरा, अखेर खरी आणि मध्ये खोटे. म्हणून कागदाच्या पाठीवर नेमक्या सांध्यावर शिक्का उठवत. अर्धा ठसा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. एक बंद जरी बदलला तरी ठशाचे दोन अर्ध जुळत नाहीत. मोडीचा अभ्यास करताना मी सुरुवातीला कागदाची फक्त पुढची बाजू पाहत असे. सरांनी एकदा कागद उलटा करून माझ्यासमोर ठेवला, तेव्हापासून मी आधी पाठ पाहते.

टीपीएम नेमके हेच करते. संगणकाचे बटण दाबल्यावर सर्वांत आधी मदरबोर्डवरचा मूळ कार्यक्रम जागा होतो. तो पुढच्या कार्यक्रमाला हाक मारतो, तो त्याच्या पुढच्याला, असे करत करत शेवटी विंडोज येते. हे झाले एकामागून एक चिकटवलेले बंद. प्रत्येक बंद पुढच्याच्या हाती कारभार देण्याआधी त्याचे गणिती माप काढतो आणि टीपीएमकडे पाठवतो. त्या मापाला हॅश म्हणतात. मजकुरात एक काना बदलला तरी हॅश संपूर्ण बदलते. टीपीएम ते नवे माप नुसते लिहून ठेवत नाही. आधीचा आकडा आणि नवे माप एकत्र करून त्यांची पुन्हा हॅश काढते आणि तीच नोंदवते. म्हणजे प्रत्येक सांध्यावर अर्धा ठसा मागचा, अर्धा पुढचा. शेवटच्या आकड्यात सगळ्या सांध्यांचा इतिहास मुरलेला असतो. मधला एक दुवा बदलून शेवटचा आकडा तोच ठेवणे व्यवहारात अशक्य.

आता याचा उपयोग. तुमची डिस्क कूटबद्ध असेल, तर तिची किल्ली टीपीएमजवळ ‘या आकड्यालाच उघडणार’ अशा बोलीवर ठेवलेली असते. चोराने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावली तर तिथे किल्लीच नाही. कोणी सुरुवातीच्या कार्यक्रमात घुसखोरी केली तर आकडा बदलतो आणि चिप किल्ली देत नाही.

या चिपचा जन्म १९९९चा. त्या वर्षी कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एक मंडळ स्थापन केले. २००३ साली त्याच्या जागी ट्रस्टेड कॉम्प्युटिंग ग्रुप आला आणि तोच आजही या चिपचे नियम ठरवतो. टीपीएम १.२ ही आवृत्ती दीर्घकाळ चालली; २००९ साली ती आंतरराष्ट्रीय मानकही झाली. २.०चे नियम २०१४ साली आले. दोघांतला फरक वरवरचा नाही. १.२ ही आवृत्ती एसएचए-१ नावाच्या हॅशपद्धतीला बांधलेली होती, आणि फेब्रुवारी २०१७मध्ये अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने व गूगलने मिळून दोन भिन्न मजकुरांची एसएचए-१ सारखीच येते हे प्रत्यक्ष करून दाखवले. शिक्का तोच, कागद दोन! मग त्या शिक्क्याचा अर्थ काय उरला? २.०मध्ये पद्धत बदलण्याची सोय आहे. त्यामुळे ‘१.२ चालणार नाही’ या अटीमागे तांत्रिक कारण नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. नव्या संगणकांच्या उत्पादकांना तर मायक्रोसॉफ्टने जुलै २०१६पासूनच २.० बंधनकारक केले होते. ते आपल्याला कळले पाच वर्षांनी.

मात्र ही गोष्ट ‘सुरक्षेसाठी चांगली चिप आली’ एवढ्यावर संपत नाही. प्रश्न असा की ती कोणाची विश्वस्त आहे?

२००२ साली मायक्रोसॉफ्टने ‘पॅलेडियम’ नावाचा प्रकल्प जाहीर केला तेव्हाच हा वाद पेटला. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्या वर्षी या संकल्पनेला विश्वासघाताचे संगणन म्हटले. त्यांचा मुद्दा असा होता की ही चिप मालकाचा विश्वास जपण्यासाठी नाही; मालकावर विश्वास न ठेवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांच्या सोयीसाठी आहे. केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी एक बारीक गोष्ट निदर्शनास आणली. सुरक्षेच्या परिभाषेत ‘विश्वासू’ घटक म्हणजे चांगला घटक नव्हे. तो बिघडला किंवा फितला तर तुमची सगळी सुरक्षा कोसळते असा घटक. किल्लेदार विश्वासू असतो तो या अर्थाने. आपल्या इतिहासात किती किल्ले तोफेने पडले आणि किती आतून उघडले गेले, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आणि किल्लेदार फितलेही. २०१० साली अमेरिकी संशोधक ख्रिस्टोफर टार्नोव्हस्की यांनी एका नामांकित चिपचे आवरण रसायनाने विरघळवून, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पोटातले गुपित वाचून दाखवले. तो प्रकार महागडा आणि चिकाटीचा होता. २०१७चा प्रकार जास्त गंभीर. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले की इन्फिनिऑन कंपनीच्या चिपा किल्ल्या घडवताना आकड्यांची निवड पुरेशी यादृच्छिक करत नाहीत, त्यामुळे त्या किल्ल्या बाहेरून ओळखता येऊ शकतात. अनेक टीपीएम आणि एस्टोनियाची लाखो राष्ट्रीय ओळखपत्रे त्यात सापडली; त्या सरकारला नोव्हेंबर २०१७मध्ये ओळखपत्रांची प्रमाणपत्रे थांबवावी लागली. शिक्के खोदणाराच प्रत्येक शिक्क्यात एक ठरावीक खोड सोडत होता, आणि ते त्याचे त्यालाही ठाऊक नव्हते.

आता काकांच्या प्रश्नाकडे. चालू यंत्र अपात्र कशाने ठरते?

यावर मला १८५२ आठवते. पेशवाई १८१८ साली बुडाली. इनामे, देवस्थानांच्या जमिनी आणि वतने लोकांच्या ताब्यात होती व पिढ्यान्पिढ्या कसली जात होती. मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने १८५२चा अकरावा कायदा केला आणि इनाम कमिशनला अधिकार दिले. दक्खन, खानदेश आणि दक्षिण मराठा मुलुखातल्या इनामदारांनी हक्काचा पुरावा दाखवायचा. सनद हवी, तिच्यावरचा शिक्का खरा हवा, ती देणाऱ्याला देण्याचा अधिकार हवा, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात तिचा मेळ लागायला हवा. हजारो इनामे खालसा झाली. त्यांतली काही खरोखर बनावट सनदांवर उभी होती, हे मान्य केलेच पाहिजे. आपल्याकडे बनावट कागदांचा धंदा मोठा होता. पण सनद वाळवीने खाल्ली, घराला आग लागली, मूळ कागद थोरल्या पातीकडे राहिला अशीही कितीतरी माणसे होती. जमीन होती, कसणारा होता, वहिवाट होती. नव्या राजवटीला हवा असलेला कागदाचा तुकडा मात्र नव्हता.

पुढे १८५७ झाले. दक्षिणेकडच्या असंतोषाची कारणे सांगताना अनेक इतिहासकार इनाम कमिशनचा उल्लेख करतात. मग १८६३च्या कायद्यांनी सरकारने तडजोड केली. पुरावा सिद्ध करत बसू नका, ठरावीक रक्कम वर्षाला भरा आणि इनाम राखा. विंडोज १० वापरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२६पर्यंत, काहींना शुल्क भरून तर काहींना आपले यंत्र कंपनीच्या खात्याशी जोडून, एक वर्षाची वाढीव सुरक्षा-दुरुस्ती मिळते असे वाचले, तेव्हा मला १८६३चीच आठवण झाली.

ही तुलना लंगडी आहे, ते मीच आधी सांगते. इनाम कमिशनने जमीन काढून घेतली; इथे कोणी संगणक ओढून नेत नाही, फक्त डागडुजी थांबवतो. शिवाय टीपीएमच्या अटीमागे खरे धोके आहेत. तरी एक साम्य डोळ्यांआड करता येत नाही. दोन्हीकडे अट मागाहून आली आणि पुरावा देण्याचे ओझे वापरणाऱ्यावर पडले. आमचा वऱ्हाड-नागपूरचा भाग इनाम कमिशनच्या कक्षेबाहेर होता. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि इथे मालगुजारीचा वेगळा खेळ सुरू झाला. तो पुढच्या एखाद्या धाग्यात.

काकांच्या संगणकाच्या मागे मात्र मला आणखी एक वस्तू दिसली आणि मी टीपीएम विसरले. पंचवीस पिनांच्या प्रिंटर-पोर्टमध्ये अंगठ्याएवढा एक करडा तुकडा खोवलेला होता. डीटीपीवाले त्याला ‘लॉक’ म्हणतात.

विशीतल्या वाचकांना ही वस्तू माहीत नसेल. युनिकोड रुळण्याआधी संगणकावर मराठी उमटवणे हे मोठे काम होते. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ तंत्र विकसित झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले, आणि जिस्टचे काम तिथे आले. सी-डॅकचे पहिले संचालक विजय भटकर आमच्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे; हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जिस्ट कार्ड संगणकाच्या आत बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. पुढे विंडोज आले, कार्डाची गरज सरली, आणि मराठी अक्षरांच्या आज्ञावल्या विकल्या जाऊ लागल्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी छापखान्याछापखान्यांत पोचली. फुकट नकला होऊ नयेत म्हणून अशा आज्ञावल्यांसोबत हे लॉक मिळे. आज्ञावली लॉकला एक प्रश्न विचारते, लॉक आतल्या आत उत्तर देते. उत्तर बरोबर आले तर दार उघडते.

म्हणजे आमच्या गावात सुरक्षेची चिप २०२१च्या कितीतरी आधी येऊन पोचली होती. आणि तीही मालकाची राखण करणारी नव्हे, मालकावर नजर ठेवणारी. स्टॉलमन यांचा आक्षेप गिरडच्या टेबलामागे वीस वर्षे खोवून ठेवलेला होता. पण दुसरी बाजूही लिहायला हवी. त्या लॉकमुळेच चार मराठी कंपन्यांचे पोट भरले, आणि त्यांनी घडवलेली अक्षरवळणे आजही आपल्या लग्नपत्रिकांवर दिसतात. नकला फुकट फिरल्या असत्या तर ती वळणे काढायला कोणी बसले असते का, मला शंका आहे.

अडचण वेगळीच आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट रूपात मिळते. जुन्या ३२-बिट विंडोजवर चालणारा लॉकचा चालक तिथे चालेलच असे नाही, आणि नव्या संगणकांना तो प्रिंटर-पोर्टच नसतो. लॉक नाही तर आज्ञावली नाही. आज्ञावली नाही तर जुन्या फायली उघडून वाचता येत नाहीत, कारण त्या युनिकोडमध्ये नाहीत. त्या काळात प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या मर्जीने मराठी अक्षरे बसवली. तो फाँट नसला की ‘उरूस’ या शब्दाच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग दिसतो. २००३चा एक फलक मी माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिला. मोडी तरी शिकून वाचता येते.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला यात काय दिसते ते सांगते. गावाचा छापील इतिहास कोणत्याही पुराभिलेखागारात जाणार नाही. कोणत्या साली उरुसाच्या फलकावर कोणाकोणाची नावे एकत्र होती, कोणत्या साली पाणीपट्टीची सूचना निघाली, कोणत्या वर्षी कोणती भजनी मंडळे होती, हे सगळे त्या एका डिस्कवर आणि त्या करड्या तुकड्याच्या मेहेरबानीवर आहे.

तपासणी कशी केली ते आता सांगते, कारण तुमच्याही घरी असा एखादा संगणक असणार. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘टीपीएम.एमएससी’ असे टंकले. चौकट उघडते. तिथे ‘विनिर्देश आवृत्ती’च्या पुढे २.० दिसले तर ती अट पुरी. ‘टीपीएम सापडले नाही’ असे आले तरी लगेच आशा सोडू नका. पुष्कळदा ती सोय प्रोसेसरच्या आतच असते आणि केवळ बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, इंटेलच्या यंत्रात ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. काकांच्या यंत्रात तीही नव्हती. २०१३चा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर. विषय तिथेच संपला.

माझ्या लॅपटॉपमध्ये ती होती आणि त्याच फाजील आत्मविश्वासाने मी दोन वर्षांपूर्वी तोंडघशी पडले होते. बायोसमध्ये शिरून मी टीपीएमची एक मांडणी बदलली. कशी, ते आता आठवतही नाही. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि त्याने माझ्याकडे ४८ अंकी किल्ली मागितली. डिस्क कूटबद्ध आहे, हेच मला माहीत नव्हते. आत एका जुन्या घराण्याच्या दप्तराची मी काढलेली चारशेवर छायाचित्रे होती, आणि दुसरीकडे प्रत नव्हती. चिपने तिचे काम चोख केले होते. सांध्यावरचा ठसा जुळला नाही, तिने किल्ली दिली नाही. तिच्या दृष्टीने चोर मीच होते. तीन दिवस मी कुठल्या खात्यात ती किल्ली जपली गेली असेल ते शोधत होते. बारावीत असताना उघडलेले खाते निघाले, त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक माझ्या आईचा जुना. सुदैवाने तो चालू होता.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर. मग ४८ अंकी किल्ली शोधून कागदावर उतरवून घ्या, चक्क शाईने. मग कूटबद्धता तात्पुरती स्थगित करा. त्यानंतरच बायोसला हात लावा. आणि तिथे ‘टीपीएम साफ करा’ असा पर्याय दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तो आतल्या किल्ल्या कायमच्या पुसतो. जुने दप्तर सोडण्याआधी आपण गाठ कशी होती, फडक्यावर काय लिहिले होते, बंदांचा क्रम काय होता, हे टिपून ठेवतो. ही शिस्त तीच आहे.

अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, हेही अनेक जण खाली लिहितील. आहेत. दुकानात जिथे लोकांचे आधार आणि सातबारे येतात, त्या संगणकावर मी त्या करणार नाही. घरच्या यंत्रावर तुमचे तुम्ही ठरवा.

काकांनी शेवटी आधारकार्डाच्या आणि अर्जांच्या कामाला एक जुनाच, पण पात्र असलेला संगणक घेतला. जुन्याची इंटरनेटची वायर आम्ही काढली. तो आता कोपऱ्यात आहे, मागे लॉक तसेच खोवलेले. सुट्टीचे उरलेले सहा दिवस मी सकाळी दोन तास तिथे बसून एकेक फाईल उघडली, पीडीएफ केली आणि वर्षावार लावली. काही फायलींना नावेच नव्हती, काहींची नावे ‘नवीन १’, ‘नवीन २’, ‘नवीन नवीन’. २००९पर्यंत पोचले.

सगळ्यांत जुनी फाईल एका फलकाची निघाली. काकांना तो कोणासाठी केला ते आठवेना. त्यांनी तो मोठा करून पाहिला, खालच्या नावांवरून बोट फिरवले, तिसऱ्या ओळीत थांबले आणि म्हणाले, “थांब वं, याची एक प्रिंट काढ. यात माह्या बापाचं नाव हाय.”

मार्चमध्ये गावी जाईन तेव्हा २०१०पासून पुढे. कोणाकडे जुन्या मराठी फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचा अनुभव असेल तर खाली लिहा, विशेषतः जोडाक्षरे आणि रफार कसे सांभाळले ते. माझ्याकडे ‘र्‍या’ प्रत्येक फाईलमध्ये वेगळाच फुटतो आहे.